बाबांचे चारशे बारा शब्द

कुणी "तुम्ही काय बुवा, कॉम्प्युटरवाले" म्हटलं की अजूनही माझी छाती इंचभर फुगते, आणि पाठोपाठ स्वतःचीच चीड येते. आम्ही कॉम्प्युटरवाले काय चीज होतो ते मला पक्कं ठाऊक आहे. नव्वदीच्या शेवटाला नाशकात इंटरनेट म्हणजे सायबर कॅफेतली प्लायवुडची खुराडी. घामाचा वास, पडद्यासमोर गुडघे आवळून बसलेली आम्ही मंडळी, आणि एकेक चित्र वरून खाली इंचाइंचाने उमटत जाणारं. त्या खुराड्यात बसून मी स्वतःला जगाचा नागरिक समजत होतो. घरी आलो की आई विचारायची, "गॅसचा नंबर लावलास का?" जगाच्या नागरिकाने नंबर लावलेला नसायचा.

पुढे इंदिरानगरच्या आमच्या तळमजल्याच्या फ्लॅटमध्ये माझं स्वतःचं मशीन आलं. सुटे भाग आणून मीच जोडलेलं. मोडेम किंचाळायला लागला की आई पदराने कान झाकायची. मी एका परदेशी फोरमवर पडीक असायचो. तिथे प्रत्येक जण आपल्या टोपणनावाखाली आपला प्रोसेसर, मेमरी, डिस्क यांची यादी लावायचा, पूर्वी लग्नपत्रिकेत नावाखाली पदव्या छापायचे तशी. नवख्याने साधा प्रश्न विचारला की आम्ही त्याच्यावर तुटून पडायचो, आधी वाचून ये म्हणायचो. आणि आमची एक श्रद्धा होती, कुणी बोलून न दाखवलेली: जगातलं कुठलंही दुःख म्हणजे अजून न सुटलेला प्रॉब्लेम. नीट डोकं लावा, चार ओळी लिहा, सुटलं. मी त्या पंथातला कडवा माणूस होतो.

बाबा एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. खिडकीमागे बसून कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली ते माइकवर सांगायचं काम. सव्वीस वर्षं केलं. मूळचे सिन्नरकडचे, त्यामुळे घरात बोलणं गावाकडचंच. "लय ऊन हाय आज." "नाय जमणार मला." पण माइक समोर आला की माणूस बदलायचा. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे" असं घोटून, तासून, एकेक अक्षर सुटं. कधी घरात चुकून त्या सुरात बोलले की आई म्हणायची, "झाली का स्टँडवरची सुरुवात? इथे कुणाला गाडी पकडायची नाहीये." मग ते हसायचे.

रिटायर व्हायला दीड वर्ष उरलं होतं तेव्हा त्यांचा आवाज बसला. आधी सर्दी समजलो, मग सुपारीमुळे असेल समजलो. हळद-दूध झालं, गुळण्या झाल्या. शेवटी मोठ्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं आणि टेबलावरचा पेपरवेट फिरवत सांगितलं, "गाठ स्वरयंत्रावर आहे. स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल." ऑपरेशनची तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळाली.

आम्ही तिघं रिक्षाने घरी निघालो. मुंबई नाका मागे पडल्यावर आई बाबांच्या हातावर हात ठेवून म्हणाली, "तीन आठवडे आहेत ना? भरपूर झाले. बोलून घेऊ." बाबांनी मान हलवली. आणि मी, त्यांचा एकुलता एक मुलगा, समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत होतो आणि माझ्या डोक्यात प्रोग्रॅम लिहून तयार होत होता. खोटं कशाला बोलू? मला त्या क्षणी दुःखापेक्षा उत्साह जास्त वाटला होता.

योजना अशी. बाबांच्या आवाजात शब्द रेकॉर्ड करायचे, एकेका शब्दाची एकेक फाइल. ऑपरेशननंतर बाबा कीबोर्डवर अक्षर दाबतील, पडद्यावर शब्द येतील, हवा तो निवडला की कॉम्प्युटर बाबांच्याच आवाजात बोलेल. तंत्र म्हणून आजही त्यात मला खोट दिसत नाही. फोरमवर टाकलं तर वाहवा नुसती. एकाने एका परदेशी विद्यापीठाच्या पानाचा पत्ता दिला. बोलू न शकणाऱ्या पेशंटला लागणाऱ्या शब्दांची तयार यादी होती तिथे. मी ती उतरवून घेतली आणि बसल्या बसल्या तिचं मराठी केलं. चारशे बारा शब्द आणि छोटी वाक्यं.

आईला मी समजावून सांगितलं तेव्हा तिने एकच विचारलं, "याने ते माझ्याशी बोलतील?"

"अगदी पहिल्यासारखे," मी म्हणालो.

तिने लगेच हॉलमधल्या टेबलावरचा टेबलक्लॉथ बदलला. नवा अंथरला, कुणी पाहुणा यायचा असल्यासारखा.

एप्रिलचं ऊन. दुपारी दोन वाजता आम्ही बसायचो, कारण तेव्हा रस्त्यावर आवाज कमी. खिडक्या बंद. पंखा बंद, त्याची घरघर रेकॉर्ड व्हायची. आईला मी सक्त ताकीद दिली होती: कुकर लावायचा नाही, मिक्सर नाही, भांडी घासायची नाहीत, बोलायचं तर अजिबात नाही. ती आतल्या खोलीत पलंगाच्या कडेवर बसून राहायची. तासभर नुसती बसून. मधूनच दाराच्या फटीतून तिची साडी दिसायची.

बाबांच्या घशात दिवसाला जेमतेम तासाभराचा आवाज उरला होता. त्यानंतर ठसका लागायचा, रक्त यायचं, आणि मग उद्यापर्यंत बोलायचं नाही, अशी डॉक्टरांची तंबी. तो तास मी घ्यायचो.

आणि माइक समोर आला रे आला की बाबा स्टँडवर जाऊन बसायचे. पाठ ताठ, हनुवटी किंचित वर. "पाणी." "औषध." "मला थंडी वाजते आहे." घोगऱ्या झालेल्या घशातूनही तेच घोटीव बोलणं. मी कधी म्हणालो नाही की बाबा, साधं बोला, घरातल्यासारखं. उलट मी खूश होतो. उच्चार इतके स्वच्छ की फाइली कापायला सोप्या जात होत्या.

एक दिवस ते थांबले आणि कागद डोळ्यांपासून लांब धरून त्यांनी वाचलं, "मला कुत्र्याला फिरायला न्यायचे आहे." मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "आपल्याकडं कुत्रं हाय का रे?"

"बाबा, यादीत आहे म्हणून म्हणा. पुढेमागे लागलं तर?"

"लागलं तर कुत्रं आणायचं?"

आतून आईचं हसणं ऐकू आलं. बाबाही हसले, आणि हसता हसता त्यांना ठसका लागला तो थांबेना. त्या दिवशीचा तास तिथेच संपला. मी चिडलो. कशावर चिडलो होतो, तर तेवीस शब्द मागे पडले म्हणून!

असं रोज काही ना काही व्हायचं. शब्द म्हणता म्हणता बाबा मध्येच मान वळवून आत हाक मारायचे, "अगं, घोटभर पाणी दे गं." किंवा, "अगं, उकडून मेलीस का आत? ये की बाहेर बसायला." हे सगळं माझ्या पडद्यावर हिरव्या रेषांच्या उंचच उंच उड्या होऊन उमटायचं, कारण ती हाक माइकवरच्या शब्दांपेक्षा मोठी असायची. मी वैतागून म्हणायचो, "बाबा, मध्ये बोलू नका हो. परत कापत बसावं लागतं." ते ओशाळायचे. "बरं बरं. चुकलं."

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी अठ्ठावन्न शब्द शिल्लक होते. त्या दुपारी बाबा आधीच दमलेले. वीसेक शब्द झाल्यावर त्यांनी कागद मांडीवर ठेवला आणि मला म्हणाले, "झालं का रे? आता मी जरा हिच्याशी बोलतो."

मी म्हणालो, "अडतीसच राहिलेत. एवढे उरकून टाकू, मग बोला की निवांत."

त्यांनी कागद पुन्हा उचलला. मी त्यांच्या जागी असतो तर कागद फेकून दिला असता. पण बाबांनी आयुष्यभर समोर आलेली यादी शेवटापर्यंत वाचली होती, एक गाडी न चुकवता. त्यांनी अडतीसच्या अडतीस म्हटले. शेवटचे काही तर नुसता श्वास होता. शेवटचा शब्द "धन्यवाद" होता. परदेशी यादी, ती तशीच संपणार. मी रेकॉर्डिंग बंद केलं, खिडक्या उघडल्या, पंखा लावला आणि आईला हाक मारली. ती बाहेर आली, त्यांच्याजवळ बसली. बाबांनी तोंड उघडलं. काहीच आलं नाही. पुन्हा प्रयत्न केला, नुसता खरखर आवाज. ते गळ्यावर हात ठेवून हसले आणि त्यांनी हातानेच खूण केली की नंतर. आई म्हणाली, "असू दे, असू दे. दवाखान्यात पहाटे थोडा सुटेल." पहाटे सुटला नाही. आठ वाजता त्यांना आत नेलं.

बाबा दवाखान्यात होते तेवढे दिवस मी दिवसभर फाइली कापत बसायचो. चारशे बारा शब्द, शेंड्याबुडख्याची शांतता उडवलेली, खोकला उडवलेला, मधल्या हाका उडवलेल्या. अगदी चकचकीत काम. आणि मग माझी डिस्क भरली. मूळ रेकॉर्डिंग जवळजवळ गिगाबाइटभर, आणि मला मासिकाबरोबर आलेली लिनक्सची सीडी टाकून बघायची होती. फोरमवर ज्याच्याकडे लिनक्स नाही तो माणसात जमा नव्हता. कामाचं तर सगळं कापून घेतलं होतं. मी मूळ फाइली उडवल्या आणि मोकळ्या जागेवर लिनक्स चढवलं. मूळ फाइली सीडीवर उतरवून देणारं मशीन शहरात बऱ्याच दुकानांत आलं होतं तेव्हा. तिथपर्यंत जायचा मला कंटाळा आला.

बाबा घरी आले. गळ्याला भोक, त्यात नळी. पंधरा दिवसांनी त्यांना जरा बसवू लागलं तेव्हा मी त्यांना कॉम्प्युटरसमोर नेलं. सिन्नरहून काका-काकू आले होते, शेजारचे होते. मी सगळ्यांना खुर्च्या दिल्या. बाबांनी एका बोटाने माझ्या सांगण्यावरून अक्षर दाबलं, बाण खाली नेला. स्पीकरमधून आलं, "मी बरा आहे."

"वा!" काका म्हणाले. शेजाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. काकूंनी डोळ्याला पदर लावला. बाबा पडद्याकडे बघत होते, चेहऱ्यावर काही नव्हतं. आई दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. पाहुणे गेल्यावर ती मला हळूच म्हणाली, "हा स्टँडवरचा आवाज आहे रे. घरातला कुठाय?"

"आवाज आवाजच असतो आई," मी म्हणालो. काय तोंड होतं माझं त्या वेळी!

बाबांनी ते मशीन त्यानंतर पाच-सहा वेळा वापरलं असेल, तेही मला वाईट वाटू नये म्हणून. मशीन हॉलमध्ये, ते आतल्या खोलीत. तहान लागली तर उठा, हॉलमध्ये या, बटण दाबा, चार मिनिटं मशीन सुरू व्हायची वाट बघा, मग "पाणी" म्हणा. तोवर पाण्याचा माठ दोनदा ओलांडून झालेला असायचा. त्यात लोडशेडिंग. लाइट गेली की बाबा पुन्हा मुके. या साध्या गोष्टी चारशे बारा फाइली नीट नावं देऊन ठेवणाऱ्या माझ्या डोक्यात एकदाही आल्या नव्हत्या. आईने पेठेतून एक पाटी आणि पेन्सिलींचा डबा आणला. बाबा लिहायचे, ती वाचायची, ती बोलायची, ते फडक्याने पुसायचे. ती पाटी कधी बंद पडली नाही.

फोरमवर मात्र माझा प्रोजेक्ट गाजत होता. कुणी कोड मागायचं, कुणी सुधारणा सुचवायचं. एकाने विचारलं, तुझे वडील वापरतात का? मी लिहिलं, रोज.

आठ महिन्यांनी गाठ दुसरीकडे उगवली आणि बाबा गेले.

दिवस-कार्य झाल्यानंतर महिनाभराने असेल, आई माझ्यामागे येऊन उभी राहिली. मी पडद्यात डोकं घालून बसलो होतो. ती म्हणाली, "तुझ्या त्या यादीत मला हाक मारलेली आहे का रे?"

मी म्हणालो, "असेल, बघतो."

नव्हती. मला मान वर करायच्या आधीच माहीत होतं की नव्हती. तरी तिच्यासमोर सगळी यादी खाली सरकवत नेली. ब्लँकेट होतं. नर्सला बोलवा होतं. मला एकटे सोडा होतं. कुत्रं होतं. ज्या बाईशी ते तीस वर्षं बोलले तिला हाक मारायचा एक शब्द मी त्यांच्याकडून म्हणून घेतला नव्हता, आणि त्यांनी न सांगता मारलेल्या पन्नास हाका मी एकेक करून कापून फेकल्या होत्या. आई म्हणाली, "नसू दे." आणि आत गेली.

मग मी जंग जंग पछाडलं. उडवलेल्या फाइली परत आणणारे जेवढे प्रोग्रॅम मिळाले तेवढे चालवले. फाइलींच्या जागेवर लिनक्स ऐसपैस बसलं होतं. फोरमवर विचारलं. पहिलं उत्तर आलं, बॅकअप कुठाय? दुसऱ्याने खिदळणारे तीन चेहरे टाकले. तिसऱ्याने मात्र सभ्यपणे, मुद्देसूद समजावून सांगितलं की वरून लिहिलं गेलेलं परत येत नसतं. मी त्या तिघांपैकी कुणावरही चिडू शकलो नाही. त्यांच्या जागी मी असतो तर पहिलंच उत्तर दिलं असतं.

आणि मग मला आयडिया सुचली. हाक नाही तर बनवता येईल. "अजून नको"मधला अ कापला. "गरम"मधला ग कापला. ग ताणला, सूर थोडा वर नेला, जोडावर घासून गुळगुळीत केलं. सात-आठ दुपारी त्यात गेल्या. हेडफोन लावून तोच तुकडा शंभरदा ऐकायचो. सांगायला लाज वाटते, पण बाबा गेल्यापासून पहिल्यांदा मी मजेत होतो. प्रॉब्लेम सुटत आला होता. एका दुपारी तो सुटला. जोड कळेना. स्टँडवरचा वास पार गेला, घरातलं झालं.

आई स्वयंपाकघरात कणीक मळत होती. तिला सांगावं, तयार करावं, हेही सुचलं नाही. आश्चर्याचा धक्का द्यायचा होता मला. स्पीकरचा आवाज मोठा केला आणि बटण दाबलं.

"अगं."

"आले, आले," आत परातीचा आवाज झाला आणि आई आली. दोन्ही हात कणकेने भरलेले, घाईघाईने. ती माझ्याकडे आली नाही. ती सरळ आतल्या खोलीच्या दारात गेली, पलंगाकडे बघत. पलंगावर गाद्या गुंडाळून ठेवलेल्या होत्या. ती तिथेच उभी राहिली.

मग ती वळली. माझ्या चेहऱ्यावर हसू होतं, ते अजून उतरायचं होतं.

"तू केलंस हे?"

"हो. ऐक ना, अगदी..."

"ही हाक त्यांची नाही. ही तू मारलीस." ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "पूस."

मी पुसलं. तिने माझ्या खांद्यामागे उभं राहून ते पुसलं जाताना पाहिलं, आणि "कचऱ्यातनंही पूस" म्हणाली. पुसलेली फाइल आधी कॉम्प्युटरच्या कचरापेटीत जाऊन पडते हे तिला कुठून माहीत होतं कुणास ठाऊक. मी तिथूनही पुसलं. मग ती जाऊन उरलेली कणीक मळायला लागली आणि मी तसाच बसून राहिलो. रडू आलं ते त्या दिवशी, सगळं झाल्यानंतर, इतक्या उशिरा.

आई आता पंच्याहत्तरीला आली आहे, कान चांगले आहेत. पण तेव्हापासून ती हाकेला ओ देत नाही. मी हाक मारो, सून मारो, नात मारो. हातातलं काम ठेवते, उठून येते, दारातून कोण आहे ते नीट बघते, आणि मगच बोलते.